‘पुढे चालू’ नावाचं बटण

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरच्या नव्या खेळाची कामं वाटली गेली, त्या दिवशी एकाला लढाया मिळाल्या, दुसऱ्याला किल्ले आणि तिसरीला हत्ती-घोडे रंगवायचं काम. माझ्या वाट्याला आलं खेळणाऱ्याचा अर्धा राहिलेला डाव जपून ठेवायचं आणि ठेवलेला डाव पुन्हा उघडायचं काम. आमचे सर माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत, पण पगार ते देतात म्हणून ते सर. ते म्हणाले, "तुमचं काय, दोन दिवसांत होईल ते." मला हे फार लागलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की हे काम दोन दिवसांत होणार नाही. सात महिने लागले, आणि त्यातला एकही दिवस मी वाया घालवला असं मला आजही वाटत नाही.

कंपनी म्हणजे नाशिकला गंगापूर रोडच्या एका गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, सहा माणसं आणि सात खुर्च्या. आमचा खेळ धावत सुटून गोळ्या झाडायचा नाही, तर डोकं धरून बसायचा आहे. डोंगरातलं एक खोरं, त्यात तीस किल्ले, नद्या, धान्याची कोठारं आणि सतत कुरापती काढणारे शेजारचे राजे. एक चाल खेळली की राज्यातला एक पंधरवडा सरतो. असे पंधरवडे सारत सारत माणूस राज्य उभं करतो आणि त्यात त्याचे खरोखरचे कित्येक महिने जातात. ते महिने राहतात कुठे, हा प्रश्न आमच्या ऑफिसात कुणाला पडत नव्हता. ते माझ्या फायलीत राहतात. हत्ती वाईट रंगवला तर लोक हसतील आणि खेळत राहतील. फाईल गेली तर माणूस खुर्चीतून उठेल आणि परत बसणार नाही. हे मी सरांना बैठकीत ऐकवलं, जरा मोठ्या आवाजात.

सरांना डाव फक्त वर्षाच्या शेवटी ठेवू द्यायचा होता. त्याने थरार वाढतो म्हणे. मी म्हटलं, "तुमच्या सोसायटीत जनरेटर आहे, म्हणून तुम्हाला थरार सुचतो." त्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला आणि डाव कधीही ठेवता येईल असं ठरलं.

मग मी कामाला लागले. प्रत्येक पंधरवडा संपला की खेळ आपणहून डाव ठेवील, अशी सोय केली. ज्याला स्वतःच्या हाताने ठेवायचा असेल त्याच्यासाठी पाच कप्पे केले. कप्प्यावर नुसता आकडा लिहायचा नाही, तर खोऱ्याचं छोटंसं चित्र दाखवायचं आणि खाली शब्दांत सांगायचं: सहावं वर्ष, पावसाळा, अठरा किल्ले. आठ दिवसांनी परत आलेल्या माणसाला आपण कुठे होतो ते एका नजरेत कळलं पाहिजे. डाव लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट फाईल राहते आणि जुनीही हातची जाते. त्यासाठी मी नवा डाव आधी बाजूला पूर्ण लिहून घेते आणि मगच जुना सोडते. गोदेच्या घाटावर बायका कोरडं लुगडं गुंडाळून झाल्याशिवाय ओलं सोडत नाहीत, तसं. हे सरांना सांगितल्यावर ते लाजले, पण त्यांना पटलं.

आणखी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे फासे, म्हणजे लढाईतलं नशीब ठरवणारे आकडे, डावातच बंद केले. लढाई हरलं की मागचा डाव उघडायचा, पुन्हा लढायचं, नशीब उघडेपर्यंत हेच करत राहायचं, ही लोकांची सवय मला मोडायची होती. म्हणून आमच्या खेळात डाव कितीदाही उघडा, त्याच चाली केल्या तर तोच निकाल लागतो. दुसरी म्हणजे, चाचणीसाठी दिलेल्या खेळात प्रत्येक लढाईच्या तोंडावर डावाची एक वेगळी प्रत गुपचूप राहायची, लढाईत गडबड निघाली तर शोधायला बरं म्हणून. सर दर आठवड्याला म्हणायचे, "जागा खातंय ते, काढून टाका." मी दर आठवड्याला "हो" म्हणायचे आणि काढायचे नाही.

‘सेव्ह’ आणि ‘लोड’ हे शब्द मी येऊ दिले नाहीत. ‘डाव ठेवा’ आणि ‘डाव उघडा’ असंच लिहायचं, यावर अडून बसले. माझ्या कळवणच्या मावशीला ते इंग्रजी कळणार नाही, असं कारण दिलं. पुढे मावशीनेच मला फोनवर विचारलं, "डाव ठेवा म्हंजे सेव्हच ना गं?" हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

ही मावशी आणि तिची सून, म्हणजे माझी वहिनी, या आमच्या खेळाच्या पहिल्या परीक्षक. मावशीची पिठाची गिरणी आहे, घराच्या पुढच्या खोलीत. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मी तिला नेऊन दिला होता. तो गिरणीच्या खोलीतच कोपऱ्यात असतो, पिठाने पांढरा होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या कागदाखाली. गिरणीला थ्री-फेज वीज लागते आणि ती दिवसातून ठरलेले तास जाते. घरातले दिवे-पंखे तेवढे चालू राहतात. गिरणी बंद पडली की कागद निघतो आणि राज्य सुरू होतं. दळण घेऊन आलेल्या बायका रांगेतल्या डब्यांपाशी बसून राहतात आणि सल्ले देतात. थ्री-फेज आली की कुणीतरी ओरडतं, "आली गं!" आणि राजा असेल तिथून उठून गिरणीचा पट्टा चढवायला धावतो.

मी केलेले पाच कप्पे पाहून दोघी हसल्या. त्यांनी एकच कप्पा घेतला आणि त्याला नाव दिलं ‘घर’. मावशी खेळता खेळता उठली की तिथूनच पुढे वहिनी खेळायची. मावशीने पेरलेलं वहिनीने काढायचं, वहिनीने बांधलेल्या पुलावरून मावशीच्या फौजा जायच्या. एका राज्यावर दोन माणसं बसतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही सगळेच शहरात एकेकट्याच्या मशीनवर बसणारे. पण मला ते फार आवडलं. "तुम्ही काही ठेवायची काळजी करू नका," असं मी दोघींना सांगितलं होतं, "खेळ आपोआप ठेवतो." वहिनीने माझ्यावर विश्वास ठेवला. मावशीने ठेवला नाही. उठण्याआधी ती दर वेळी स्वतःच्या हाताने डाव ‘घर’ कप्प्यात ठेवायची, मगच पदर खोचायची.

खोऱ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आम्ही एक जोडकिल्ला ठेवला होता. वर जायला एकच अरुंद वाट, आणि वरून दगडांचा मारा. मावशीने तो सात वेळा घ्यायचा प्रयत्न केला आणि सातही वेळा फौज गमावून परत आली. हरलेली लढाई मागे जाऊन पुसायची नाही, असा तिचा नियमच होता. फासे बंद करायची मेहनत तिच्यापुरती तरी मी फुकट घेतली. "ह्यो किल्ला कुणाला जमायचा नाय," ती म्हणाली, आणि सुनेकडे बघून पुढे म्हणाली, "तुला तर नायच."

मावशी एका साखरपुड्याला गेली होती त्या दुपारी वहिनीने तो किल्ला घेतला.

हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, वहिनीच्या फोनवरून. वहिनीचं माहेर सटाण्याकडचं. एरवी ती माझ्याशी आमच्यासारखंच बोलते, पण राग आला की तिची माहेरची बोली बाहेर येते. मी फोन उचलला आणि तिने एकदम विचारलं, "ताई, मना किल्ला कोठे शे?" म्हणजे, माझा किल्ला कुठे आहे?

तिचं म्हणणं असं. किल्ला घेतला, पंधरवडा संपवला, आणि तेवढ्यात थ्री-फेज आली. तिने खेळ बंद केला, नऊ डबे दळले, आणि कुणाला काही बोलली नाही. सकाळी सासूने स्वतःच्या डोळ्यांनी किल्ल्यावर आपलं निशाण बघावं, एवढीच तिची हौस. सकाळी मावशी खेळायला बसली. दुपारी वहिनीने पाहिलं तर किल्ला शत्रूचाच. सासूने मुद्दाम मागचा डाव उघडून आपलं यश पुसलं, अशी तिची खात्री झाली. मावशीचं म्हणणं उलट. "मी कशाला पुसू? किल्ला घेतलाच नाय तिनं. घेतला असता तर दिसला नसता का?"

तेव्हा मी काय केलं ते सांगायला मला आजही जड जातं. वहिनीने फोन स्पीकरवर टाकला होता. आजूबाजूला दळणाच्या बायका होत्या, मावशी होती. आणि मी, नाशिकची शिकलेली, खेळ बनवणारी, ठणकावून म्हणाले, "वहिनी, असं होणंच शक्य नाही. माझा खेळ काही हरवत नाही. तुम्ही शेवटची चाल पूर्ण केली नसेल."

झालं. माझ्या तोंडून आलं म्हणजे ते खरंच असणार. वहिनीने फोन बंद केला.

त्यानंतरचे तीन आठवडे वहिनीने कॉम्प्युटरला हात लावला नाही. रांगेतल्या बायका तिला ‘किल्लेवाली’ म्हणू लागल्या होत्या. "काय किल्लेवाली, आज किती घेतले?" असं विचारून हसायच्या. ती कामापुरतं बोलायची. हे मला मावशीनेच फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाली, "खोटं पकडलं गेलं ना, म्हणून तोंड नाय उघडत. एवढ्याशा खेळासाठी खोटं बोलते, उद्या आणिक कशाला बोलंल." सात वर्षं एका घरात राहणारी, गिरणीचा निम्मा भार उचलणारी बाई, आणि तिचा शब्द आता घरात चालत नव्हता. मला जरा चुटपूट लागली, पण माझ्या कामावर माझा इतका विश्वास होता की मी ती झटकून टाकली.

मग एका दुपारी ऑफिसात मी स्वतःच खेळत होते. माझ्या राज्यातला एक पूल पुरात वाहून गेला होता, तो मी पुन्हा बांधला, पंधरवडा संपवला, खेळ बंद केला आणि जेवायला गेले. परत येऊन पहिल्या पडद्यावरचं ‘पुढे चालू’ हे बटण दाबलं. नदीवर पूल नव्हता.

मी तशीच उभी राहिले. कळायला मिनिटभरही लागलं नाही. ‘पुढे चालू’ दाबलं की कुठला डाव उघडायचा, हे मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं: माणसाने स्वतःच्या हाताने ठेवलेला. जे आपण हाताने ठेवतो तेच आपल्याला मोलाचं असतं, असा माझा विचार. एकटा माणूस खेळत असता तर त्याला लगेच कळलं असतं आणि त्याने आपोआप ठेवलेला डाव शोधून उघडला असता. पण मावशीला शोधायचं कारणच नव्हतं. एरवी खेळ बंद व्हायच्या आधी शेवटचा हात तिचाच असायचा, म्हणून हे इतके दिवस दिसलं नव्हतं; त्या दुपारी ती घरी नव्हती. तिने सकाळी ‘पुढे चालू’ दाबलं, आदल्या दिवशी तिनेच ठेवलेला डाव उघडला, तिने एक चाल खेळली, आणि पंधरवडा संपताच खेळाने आपोआप ठेवलेल्या जागी तिचा डाव लिहिला. तिथे वहिनीचा किल्ला होता. माझ्या सांगण्यावर जिने विश्वास ठेवला, तिचंच गेलं. ज्या दोघी एकमेकींना खोटं ठरवत होत्या त्या दोघीही खरं बोलत होत्या, आणि छाती पुढे काढून खोटं बोलले होते ती मी.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन ओळी बदला, झालं." बदलायच्या खरंच दोन ओळी होत्या. आता ‘पुढे चालू’ हे सगळ्यात शेवटी खेळलेल्या चालीपासूनच चालू होतं, मग ती कुणीही ठेवलेली असो, आणि आधीचं आपोआप ठेवलेलं कधीच एकदम पुसलं जात नाही. मी ते बदललं, तपासलं, आणि खुर्चीत बसून राहिले. वहिनीला त्या दोन ओळींचा काय उपयोग होता? मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

सकाळची बस वणीवरून नांदुरीपर्यंत, देवीच्या गडावर जाणाऱ्यांनी, रोजच्यासारखी भरलेली होती. मी वाटेत काय बोलायचं याची तीनदा तालीम केली. फोनवर सांगता आलं असतं. पण ज्या बायकांसमोर मी वहिनीला खोटं पाडलं होतं, त्यांच्यासमोरच मला बोलायचं होतं.

थ्री-फेज नव्हती. रांगेत अकरा-बारा डबे होते, पाच-सहा बायका बसल्या होत्या, मावशी स्टुलावर राज्य चालवत होती, आणि वहिनी आतल्या दारात पाखडत बसली होती. मी चप्पलही न काढता उभ्या उभ्या सांगितलं. बटण कसं चुकलं, डावावर डाव कसा लिहिला गेला, आणि चूक कुणाची. "माझी चूक आहे," मी म्हटलं. "मावशीने काही पुसलं नाही. वहिनी खोटं बोलल्या नाहीत. मी बोलले." वहिनीच्या हातातलं सूप थांबलं.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे किल्ला घेतला व्हता तिनं?"

"घेतला असणार."

"असणार म्हंजे? घेतला व्हता का नव्हता?"

मावशी अशीच आहे. तिच्याकडे दोन किलो म्हणजे दोन किलो. मला त्याचा राग येण्याचा अधिकार नव्हता. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि सरांनी काढून टाकायला सांगितलेल्या त्या लढाईआधीच्या प्रती उघडल्या. चाळीसच्या वर होत्या. साखरपुड्याची तारीख मावशीला पाठ होती. त्या दिवसाची एकच प्रत होती. ती उघडली, आणि जोडकिल्ल्याच्या पायथ्याशी फौज उभी दिसली. किल्ल्यावर निशाण शत्रूचं होतं, कारण प्रत लढाई सुरू व्हायच्या आधीची होती.

"हे तर नुसतं खाली उभं राहणं झालं," रांगेतली एक म्हणाली. "उभी तर मावशी बी सात येळा राह्यली."

मी वहिनीला हाक मारली. लढाईच्या चाली वेगळ्या, त्या सगळ्या एकाच पंधरवड्यात होतात; ही लढाई आठ चालींची होती. फासे डावातच बंद आहेत, त्या दिवशीच्या आठही चाली तशाच खेळल्या तर त्या दिवशी लागला तोच निकाल लागेल, हे मी तिला सांगितलं. एक जरी चाल वेगळी पडली तर काय होईल, ते मीही सांगू शकत नव्हते.

"आता कशाला?" ती जागची हलली नाही. "तवा कुणी इचारलं नाय. आता खेळून दाखवू? सगळ्यांसमोर?"

मावशी स्टुलावरून उठली आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं. तेवढंच. वहिनीने हात पदराला पुसले आणि येऊन बसली.

पहिल्या दोन चालींत तिने वाटेकडे बघितलंसुद्धा नाही. किल्ल्याच्या मागे, उतारावर, पाण्याचं टाकं होतं. आम्ही ते निव्वळ शोभेसाठी काढलं होतं, निदान माझी तशी समजूत होती. तिने फौजेचा एक तुकडा तिकडे पाठवला आणि टाक्याची वाट अडवली. तिसऱ्या आणि चौथ्या चालीत तिने काहीच केलं नाही, नुसती थांबली. पाचव्या चालीला तिचा हात माउसवरून उठला. तिने डोळे मिटले. विसरली, मला वाटलं, तीन आठवडे झाले, का नाही विसरणार.

"आली गं!" दाराशी बसलेली बाई ओरडली. थ्री-फेज आली होती. बारा डबे खोळंबले होते आणि मावशीची गिरणी आजवर कधी वीज असताना थांबली नव्हती. मावशी म्हणाली, "असू दे."

वहिनीने डोळे उघडले आणि टाक्यापाशी उभा असलेला तुकडा मागे घेतला. अडवलेली वाट सोडून दिली.

"अगं, मागं कशाला घेतेस?" मावशीला राहवलं नाही.

"बोलू नका, आई."

सात वर्षांत त्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. किल्ल्यातले तहानलेले लोक, वाट मोकळी झालेली बघून, टाक्याकडे जायला खाली उतरले. सातव्या चालीला वहिनीने त्यांना मधेच गाठलं. आठव्या चालीला दरवाजावर कुणी नव्हतं. निशाण बदललं. आमच्या लढाया बनवणाऱ्याने हा मार्ग मुद्दाम ठेवला होता का, हे मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "असं करता येतं?"

सगळ्या बायका उठून पडद्याला खेटून उभ्या होत्या. मावशी त्यांच्याकडे वळली, माझ्याकडे नाही आणि सुनेकडेही नाही. "घेतला व्हता तिनं," ती म्हणाली. "ऐकलं का सगळ्यांनी? घेतला व्हता."

वहिनी रडली. तिने ते लपवलं नाही. माझेही डोळे भरून आले आणि मीही लपवलं नाही. माझ्या हट्टाने राहिलेली ती प्रत, मी बंद केलेले ते फासे, यांनी एका बाईचा शब्द परत आणून दिला होता. सात महिन्यांच्या कामाचं याहून चांगलं काही होऊ शकलं असतं असं मला वाटत नाही.

पण आता एक अडचण होती. वहिनीचा डाव तीन आठवड्यांपूर्वीचा. दरम्यान मावशी रोज खेळत होती. तिने चार किल्ले जिंकले होते, नदीला पाट काढला होता, दोन शेजारी राजांशी तह केला होता. मी म्हटलं, "दोन्ही डाव राहतील. वहिनींचा दुसऱ्या कप्प्यात ठेवते. चार कप्पे रिकामेच आहेत."

"नको," मावशी म्हणाली. "ती तिकडं एकटी, मी इकडं एकटी? ‘घर’मधीच ठेव."

"मग तुझे तीन आठवडे जातील, मावशी."

"ते मशीन सांगंल. सरक."

आणि मशीनने सांगितलं. ठेवलेल्या डावावर दुसरा डाव ठेवायला गेलं की बाकीचे खेळ विचारतात, तुम्हाला खात्री आहे का? खात्री कशाची, ते सांगत नाहीत. माणूस वाचतही नाही आणि हो म्हणतो. माझ्या खेळात त्या वेळी येणाऱ्या पाटीवर काय जाणार ते लिहिलेलं असतं. मावशीने चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "या कप्प्यात सातवं वर्ष, हिवाळा, बावीस किल्ले आहेत. त्यावर हा डाव ठेवला तर ते परत मिळणार नाहीत." ती थांबली. मग तिने तेच पुन्हा, या वेळी मनातल्या मनात वाचलं. तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

"ऱ्हाऊ द्या, आई," वहिनी म्हणाली. "लय मेहनत हाये तुमची."

"माझी मेहनत सगळ्यांना ठावं हाये," मावशी म्हणाली. "तुझी कुणालाच नव्हती."

आणि तिने बटण दाबलं. कुणाचं काही चुकून पुसलं जाऊ नये म्हणून मी सात महिने झिजले होते, आणि माझ्यासमोर एक बाई आपले बावीस किल्ले नीट वाचून, समजून, स्वतःच्या बोटाने पुसत होती. पाटीवरच्या त्या दोन ओळी मी लिहिल्या आहेत, हे मला त्या वेळी सगळ्या कळवणला ओरडून सांगावंसं वाटलं.

मावशीने पदर खोचला, गिरणीपाशी गेली आणि पहिला डबा उचलला. वहिनी सवयीने उठायला लागली, तशी तिने पट्टा चढवता चढवता मागे न बघता सांगितलं, "बस तू. चाल तुझी हाये."